गुण देणारं मशीन

दवाखान्यात नवीन मशीन आलं आणि मोठ्या डॉक्टरांचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. मशीन म्हणजे काय, तर एक कॅमेरा, एक कॉम्प्युटर आणि त्याच्या पोटात कसलंसं गणित. मायक्रोस्कोपला जोडलं की ते पळणाऱ्या शुक्रजंतूंभोवती चौकटी काढायचं आणि प्रत्येकाला शंभरपैकी गुण द्यायचं. पन्नासच्या वर हिरवी चौकट, खाली लाल. "आता माणसाच्या नजरेवर विसंबायला नको," असं कंपनीचा माणूस सुईबाईंच्या तोंडावर सांगून गेला. सुईबाई गेली बावीस वर्षं त्याच नजरेच्या जोरावर लोकांना आईबाप करत होत्या, हे त्याला कोण सांगणार!

सुईबाई हे नाव नर्सांनी पाडलेलं. ज्यांचं बीज आपलं आपण फलित होत नाही, त्यांच्यासाठी एकच शुक्रजंतू निवडायचा, केसाहून बारीक काचेच्या सुईत ओढायचा आणि थेट स्त्रीबीजाच्या आत सोडायचा, हे त्यांचं काम. मायक्रोस्कोपपाशी हात दगडासारखा स्थिर. एरवी चहाचा कप टेबलापर्यंत नेताना अर्धा चहा बशीत.

उद्घाटन ठरलं. नुसती फीत कापून मोकळे झाले असते तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण छे! मोठ्या डॉक्टरांना प्रात्यक्षिक हवं होतं. खालच्या हॉलमध्ये भिंतीएवढा पडदा, समोर दीडशे पाहुणे, आणि वर प्रयोगशाळेत सुईबाईंनी कानाला हेडफोन आणि तोंडापुढे माईक लावून खऱ्याखुऱ्या जोडप्याचं काम करायचं.

"डॉक्टर, ही काय सर्कस आहे का?" सुईबाई म्हणाल्या.

"नवीन काही आलं की तुमच्या पोटात दुखतंच," डॉक्टर म्हणाले, आणि विषय संपला.

जोडपंही त्यांनीच निवडलं. नवरा कुलपं दुरुस्त करणारा, बायको पोस्टात. तिचं वय एक्केचाळीस, हा चौथा प्रयत्न, आणि "यानंतर माझ्याच्याने होणार नाही," असं तिने सांगूनच टाकलेलं. त्या सकाळी तिची पाच बीजं मिळाली, पिकलेली निघाली तीन. तीनच. तिची अवस्था बघून सुईबाईंना गलबलून आलं होतं. डॉक्टरांनी प्रात्यक्षिकाची परवानगी मागितली तेव्हा दोघांनी मान डोलावली. ज्याच्या हातात आपलं मूल, त्याला नाही कसं म्हणणार? दुपारी नवरा कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला आई.

भाषणं झाली, टाळ्या झाल्या. मग सुईबाईंच्या कानात डॉक्टरांचा आवाज आला, "सुई असलेला थेंब पडद्यावर घ्या. लोकांना सुई बघायची असते."

"डॉक्टर, त्या थेंबात मशीनचं काम नाही. आधी माझं ऐका..."

"घ्या म्हणतो ना!"

सुईबाईंनी थेंब पडद्यावर घेतला. पहिल्याला अकरा गुण. दुसऱ्याला सात. मग चौदा, नऊ, पुन्हा सात. भिंतभर लालच लाल चौकटी. खाली हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली, कुणीतरी फिसकन हसलंसुद्धा. नवऱ्याच्या आईचा आवाज डॉक्टरांच्या माईकमधून वर स्पष्ट ऐकू आला, "लहानपणीही हा असाच, कशात म्हणून पुढे नाही."

वास्तविक भानगड एवढीच होती. मोकळ्या पाण्यात सुसाट पळणारा शुक्रजंतू सुईत सापडत नाही, म्हणून पकडण्याआधी त्याला मुद्दाम मधासारख्या दाट द्रवाच्या थेंबात सोडतात. तिथे भलेभले मंदावतात. मशीन मात्र गुण द्यायचं ते वेगाला, आणि तेही साध्या द्रवातल्या. ही गोष्ट प्रयोगशाळेत नवीन आलेल्या मुलीलाही ठाऊक असते. मोठे डॉक्टर विसरले होते, कारण मायक्रोस्कोपला डोळा लावून त्यांना जमाना झाला होता.

दीडशे लोकांपुढे चूक कबूल करतील तर ते मोठे डॉक्टर कसले! त्यांनी घसा खाकरला. "बघा मंडळी, मशीनने आपल्याला वेळेत सावध केलं. नमुना नापास आहे. पण घाबरायचं कारण नाही, आपल्याकडे निवडक दात्यांचे नमुने तयार असतात. यांनी संमतीवर सही केली की काम आत्ता इथेच पुढे नेऊ."

टाळ्या! सुईबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. आणि तेवढ्यात त्यांना बायकोचा आवाज ऐकू आला, अगदी हळू. "करून टाका हो सही. तीनच आहेत. वाया नको जायला."

"पेन आहे का कुणाकडे?" नवऱ्याने विचारलं.

"सही करू नका!" सुईबाई माईकवर ओरडल्या. "अहो कुलूपवाले, तुमच्या नमुन्यात काही खोट नाही. पहिलवान नसतील, पण धडधाकट आहेत. त्यांना मधात पोहायला लावलंय आणि वर मार्क देतायत! मोठ्या डॉक्टरांना पोहायला सांगा मधात, बघू किती मिळतात ते!"

"बाई, तुम्ही काय बोलताय..."

सुईबाईंनी पडद्याची केबल उपटली, माईक काढून खणात टाकला. मग उबपेटीतून बीजं काढली आणि साध्या नजरेने, रोजच्यासारखं, एकेक करून तीन शुक्रजंतू निवडून बीजांत सोडले. शांत खोलीत काम वीस मिनिटांत उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. पहिल्या बीजात काही नाही. दुसऱ्यात दोन छोटे गोल शेजारी शेजारी, एक आईकडचा, एक बापाकडचा. तिसऱ्यातही तसंच. म्हणजे दोन बीजं फलित झाली होती.

टेबलावर दोन कागद येऊन पडले होते. एकात केबल का काढली याचा खुलासा मागितला होता. दुसरं दवाखान्याचं नवीन पत्रक, त्यात लिहिलं होतं की नव्या मशीनने पहिल्याच दिवशी यश मिळवलं. निकाल अजून कुणाला सांगितलाही नव्हता! सुईबाईंनी दोन्हींवर चहाची बशी ठेवली आणि फोन लावला.

"दोन झालेत," त्या म्हणाल्या.

पलीकडे बायको रडायला लागली. मग नवऱ्याने फोन घेतला. "बाई, एक विचारू? राग नका मानू. किती मार्कांचे होते ते?"

"मी बघितलेच नाहीत मार्क. तुम्हीही नका विचारू."

"मग नक्की... म्हणजे माझेच ना?"

"तुमचेच. माझ्या हाताने सोडलेत."

फोनमध्ये मागून त्याच्या आईचा आवाज आला. "अरे, विचार की, त्या दोघांत हुशार कोणता?"

"आई, गप्प बस," नवरा म्हणाला. "माझी पोरं आहेत ती."