पितळी टाचण्या

मावशीच्या गोधडीच्या वर्गात फळ्यावर एकच नियम कायमचा लिहिलेला होता: चुंबक फिरवल्याशिवाय गोधडी दाराबाहेर जाणार नाही.

गोधडीत तीन थर असतात. वर तुकडे जोडून केलेला, मध्ये कापसाचा आणि खाली अस्तर. शिवताना थर सरकू नयेत म्हणून टाचण्या लावतात, आणि एखादी बारीक टाचणी कापसात शिरली की वरून हात फिरवून ती सहसा सापडत नाही. म्हणून मावशी तयार गोधडी मोठ्या टेबलावर पसरायची आणि जुन्या स्पीकरमधून काढलेलं बशीएवढं चुंबक तिच्यावरून इस्त्रीसारखं सावकाश फिरवायची. टाचणी राहिली असेल तिथे कापड जरासं वर उचललं जायचं, झोपलेल्या माणसाने श्वास घ्यावा तसं.

प्रदर्शनांना मी तिच्याबरोबर जायचे. गुंडाळलेल्या गोधड्या उचलायच्या, शिडीवर चढून त्या टांगायच्या, ही माझी कामं. मागच्या वर्षी एका परीक्षकाने अस्तरावरच्या तपकिरी ठिपक्यावर बोट ठेवून तिचा पहिला नंबर घालवला होता. लोखंडी टाचणी गंजून पडलेला डाग होता तो. त्यामुळे पुढच्या प्रदर्शनात एका दुकानदाराने पितळी टाचण्या दाखवल्या, तेव्हा मावशीने भाव करण्याची तसदीही घेतली नाही.

"कधी गंजणार नाहीत, बाई," तो म्हणाला. "आपण जाऊ, त्या राहतील."

"आधी तुम्ही जा," असं म्हणून मावशीने अख्ख्या वर्गाला पुरतील एवढे डबे घेतले.

त्या टाचण्यांनी तिने पहिली गोधडी शिवली ती नातवासाठी. माझ्या मावसबहिणीला, म्हणजे ताईला, मुलगा झाला होता. निळ्या-पांढऱ्या त्रिकोणांची गोधडी होती, आणि मावशीच्या नेहमीच्या कामापेक्षा तिच्यात कापूस बराच जास्त होता. चुंबक फिरवलं तेव्हा एक जुनी लोखंडी टाचणी निघाली. "बघ, निघाली ना!" मावशी खूश होऊन म्हणाली. मग ती गोधडी आधी प्रदर्शनात लागली.

प्रदर्शनात पाहुण्यांना मागची बाजू दाखवायला पांढरे हातमोजे घातलेल्या मुली असतात. आमच्या रांगेतल्या मुलीने गोधडीचा कोपरा उचलला आणि पटकन सोडला.

"बाई, काहीतरी टोचलं."

"हातमोज्याची शिवण असेल," मावशी म्हणाली. "या गोधडीवरून चुंबक फिरलंय."

मुलीने हातमोजा काढून बोटाचं टोक पाहिलं आणि तो पुन्हा घातला. त्यानंतर मात्र ती कोपरा दोन बोटांच्या चिमटीत धरू लागली. गोधडीला दुसरा नंबर मिळाला. संध्याकाळी भावोजी आले आणि तिथूनच ती घरी घेऊन गेले.

पुढच्याच आठवड्यात ताईचा फोन आला. मावशीचे हात कामात होते, म्हणून मी स्पीकर लावला.

"आई, हा झोपतच नाही गं. खांद्यावर गाढ असतो, खाली ठेवला की घर डोक्यावर घेतो."

"तुझ्यावर गेलाय. तूही मांडी सोडायची नाहीस."

"डॉक्टर म्हणाले पोटात वारा धरतो. पाठीवर लाल ठिपकेही उठलेत, डास असणार. तुझी एवढी मऊ गोधडी, पण लाटसाहेबांना तीही पसंत नाही."

"होईल सवय. दुहेरी घडी करून घाल, म्हणजे आणखी मऊ लागेल."

दोन दिवसांनी दुपारच्या वर्गात कंडक्टरबाईंच्या हातून नव्या टाचण्यांचा डबा निसटला. आयुष्यभर बसमध्ये तिकिटं फाडून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि वर्गातही त्यांचा आवाज बसमधलाच होता.

"पुढे सरकू नका, कुणी उतरू नका!" त्या ओरडल्या. "खाली सगळे विनातिकीट पडलेत."

बायका हसत पाय वर घेऊन बसल्या. मावशीने चुंबक आणलं, गुडघ्यावर बसून फरशीवरून फिरवलं. दोन लोखंडी टाचण्या टणकन उडून चिकटल्या. पिवळ्या जिथल्या तिथे पडून राहिल्या. तिने पुन्हा फिरवलं, अगदी फरशीला टेकवून. चुंबकाने पिवळ्या टाचण्या नुसत्या पुढे ढकलल्या.

"चुंबक म्हातारं झालं, बाई," मागून कुणीतरी म्हणालं.

मावशीने टेबलावरची कात्री ओढून जवळ आणली. चुंबकाने ती खाडकन पकडली.

"मावशी, पितळ आहे," मी म्हणाले. "पितळ चिकटत नाही."

हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. पण डब्यात जुन्या-नव्या टाचण्या एकत्र होत्या. दर वेळी एखादी लोखंडी वर यायची आणि तपासणी नीट झाली असं वाटायचं.

आता कुणी हसत नव्हतं. मावशी फरशीवरच बसून होती.

"कुणाच्या गोधड्या बाहेर गेल्यात?" तिने विचारलं.

एक हात वर आला, मग आणखी एक. कंडक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "माझी गेली. भाचीच्या बाळाला."

"फोन करा. म्हणावं, गोधडी पिशवीत घालून वर ठेवून द्या. हाताने चाचपूसुद्धा नका."

ताई फोन उचलत नव्हती. भावोजींचा लागत नव्हता. मी गाडी काढली. मावशी अंगावरच्या अ‍ॅप्रनसकट शेजारी बसली आणि वाटभर फोन लावत राहिली. रिंग पूर्ण वाजून बंद व्हायची, ती पुन्हा लावायची. सिग्नलला एकदा म्हणाली, "दुहेरी घडी कर म्हणाले मी."

ताईने दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवून.

"शू! फोनचा आवाज मुद्दाम बंद करून ठेवलाय. किती रडला, किती रडला, आणि मग एकदम गप्प झाला. पहिल्यांदाच आपणहून झोपलाय."

"कुठे?"

"गोधडीवर. का गं?"

मावशी तिला ओलांडून आत गेली. खोलीत पडदे ओढलेले होते. बाळ उताणं पडलं होतं, मुठी उघड्या, तोंड उघडं. मावशीने त्याला दोन्ही हातांनी सरळ वर उचललं. एक क्षण काहीच झालं नाही. मग त्याने श्वास ओढला आणि किंचाळायला लागलं. मी पडदा सारला. झबल्याच्या पाठीवर रक्ताचा ठिपका होता, मसुराएवढा.

ताईने बाळ हिसकावूनच घेतलं. काय झालं ते मी सांगितलं, जेवढं थोडक्यात सांगता येईल तेवढं. ती ऐकत होती आणि झबलं वर करून पाठीवर एकेका ठिपक्याला बोट लावत होती.

मावशीने गोधडी जमिनीवर टाकली आणि ताईच्या कात्रीने किनार कापली. आधी ती टाका टाका उसवत होती, मग सरळ फाडू लागली. त्रिकोणाच्या शिवणीत एक टाचणी सापडली, वाकलेली. कापसात दुसरी. घडी जिथे पडायची तिथे तिसरी, टोक वर करून.

"आणखी किती आहेत?" ताईने विचारलं.

"माहीत नाही."

"लावलेल्या मोजल्या नव्हत्यास?"

"कधीच नाही मोजत. चुंबक होतं ना."

कापूस खोलीभर झाला होता. मावशी तो बोटांनी पिंजत होती, मुठी मुठी बाजूला काढत होती. तासाभराने ती थांबली. आणखी काही निघालं नव्हतं, पण संपलं असंही म्हणता येत नव्हतं. बाळ ताईच्या खांद्यावर हुंदके देत होतं.

"दवाखान्यात नेऊया," मावशी उठत म्हणाली. "दे, मी घेते. तू चप्पल घाल."

ताई एक पाऊल मागे सरकली.

"आई, अंगावर टाचण्या नाहीत ना, बघ आधी."

मावशीने अ‍ॅप्रनवरून हात फिरवला. छातीवरून, खिशांवरून, पट्ट्यावरून. खांद्याशी तिचा हात थांबला. तिथून तिने एक पिवळी टाचणी ओढून काढली. मग अ‍ॅप्रन सोडून जमिनीवर टाकला आणि खालच्या कपड्यांवरून हात फिरवू लागली.

ताई थांबली नाही. तिने बाळाचं डोकं आपल्या मानेत दडवलं, मला म्हणाली, "चल, गाडी काढ," आणि अनवाणीच जिना उतरू लागली.