माझ्यावर आलेला गुणगुणण्याचा आळ

हॅलो, हॅलो, चेक... सवयच लागलीय हो! माझ्यासमोर आलेला प्रत्येक माणूस आधी हेच म्हणतो, मग मी तरी दुसरं काय शिकणार? मी रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात स्टँडवर उभा असलेला काळा स्पीकर. साधासुधा नाही बरं का. आवाज मोठा करायला बाकीच्यांना बाहेरचं यंत्र लागतं, माझं ते पोटातच आहे. त्याचा मला जरा गर्व आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या बाईंनी माझ्यातून एक बारीक आणि एक जाड आवाज काढून पाहिला, पाठीवर शिक्का मारला आणि मला थर्माकोलमध्ये झोपवलं. जागा झालो तो थेट एका व्यायामशाळेत. ‘पोट आत, छाती बाहेर’ असं तिथे वर्षानुवर्षं ओरडलो. कुणाचं पोट आत गेलेलं काही मी पाहिलं नाही. पुढे व्यायामशाळा बंद पडली, मी कपाटावर धूळ खात बसलो आणि मग मला ताईने आणलं.

ताई हौशी नाटकं बसवते. तिचा भाऊ आवाजाचं बघतो. ताईपेक्षा लहान असूनही सगळे त्याला दादाच म्हणतात. आणि या दोघांची आत्या नाटकात काम करते. पूर्वी आत्याचं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत माझ्या मदतीशिवाय जायचं म्हणे. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज अगदी पातळ झाला. तरी नव्या नाटकाचा शेवटचा प्रवेश ताईने तिलाच दिला. एक बाई खुर्चीत बसून हळू आवाजात बोलते, एवढाच प्रवेश. ते बोलणं लोकांपर्यंत पोचवायचं काम माझं.

आणि नेमकं तेव्हाच माझ्यातून सुरू झालं, घुंऽऽऽ. मोठं नाही, पण थांबेल तर शपथ. आत्याने तोंड उघडलं की तिचे निम्मे शब्द त्यात बुडायचे.

“आत्या, असंच राहिलं तर तुझं रेकॉर्डिंग लावू,” ताई म्हणाली. “तू नुसते ओठ हलव.”

“ओठ हलवायला मी कशाला हवी? मासा आणून बसव खुर्चीत.”

सगळे हसले. आत्या हसली नाही. ती खुर्चीतून उठली आणि पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेली. मला फार वाईट वाटलं.

मग माझे हाल सुरू झाले. दादाने मला थापटलं, उलटं केलं, पाठ उघडून आतली धूळ फुंकली. विजेची वायर बदलली. माणसांची ही एक गंमत आहे: बिघाड सापडेना की जो बोलतोय त्यालाच झोडायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

त्यात दाजी आले. दाजी म्हणजे ताईचे यजमान. त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं.

“प्लगची ती तिसरी पिन काढून टाका, घूं बंद होतं की नाही बघा,” दाजी म्हणाले.

अहो, ती अर्थिंगची पिन! माझ्यात उद्या कुठे वीज उतरली, तर तिला जमिनीत जायची वाटच ती.

“माइक आत्याच्या ओठांशी असतो,” ताई शांतपणे म्हणाली. “पिनला हात लावून तर बघा.”

दाजी चहा करायला गेले. चहा मात्र ते उत्तम करतात.

शेवटी दादा वैतागला. मला बाद करायचं ठरवून त्याने माझी आवाजाची वायर उपटली. विजेची तशीच राहिली. मी चालू होतो आणि एकदम गप्प होतो. दादा चपापला. त्याने मला उचलून माइकचा आवाज जिथे येतो त्या मिक्सरशेजारी ठेवलं, वीतभर वायरने जोडलं. तरीही गप्प. परत कोपऱ्यात नेऊन नेहमीची लांब वायर लावली. घुंऽऽऽ!

सगळ्यांचे डोळे त्या वायरीकडे वळले. ती एकटी नव्हतीच. याच नाटकाच्या पहिल्या तालमीत आत्या वायरीत पाय अडकून पडली होती. तेव्हापासून दादा माझी विजेची वायर, दिव्यांची वायर आणि आवाजाची वायर, तिन्हींची घट्ट वेणी घालून वर चिकटपट्टी गुंडाळायचा. वेणी सुंदर होती. विजेच्या वायरी दिवसभर आवाजाच्या वायरीला खेटून कुरकुरत होत्या आणि तीच कुरकुर मी इमानाने लोकांना ऐकवत होतो.

ताईने कात्री आणली. दादा वेणीवर हात ठेवून बसला.

“सोडली तर आत्या परत पडेल,” तो म्हणाला.

आत्या त्याच्याजवळ खाली बसली. “अरे, पडले तर उठेन. पण मुकी बसवलीस तर काय करू?”

दादाने स्वतःच कात्री घेतली. आवाजाची वायर दुसऱ्या भिंतीकडून नेली आणि पट्टीने जमिनीला सपाट चिकटवली. मला चालू केलं. हुश्श! माझा जीव भांड्यात पडला.

प्रयोगाच्या दिवशी शेवटच्या प्रवेशात आत्या खुर्चीत बसली आणि बोलेचना. विंगेत ताईचा चेहरा पांढराफटक पडला. मी कान टवकारून उभा. मग आत्या बोलली, सावकाश, एकही शब्द न बुडवता, आणि शेवटच्या रांगेतल्या कुणीतरी नाक पुसलेलं मला दिसलं.

“वाक्य विसरली होतीस ना?” पडदा पडल्यावर ताईने विचारलं.

“नाही गं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच माझा श्वास मला स्पीकरमधून ऐकू आला. म्हटलं, ऐकावा थोडा वेळ.”

तेव्हा मंडळी, एवढंच मागणं आहे. तुमचा स्पीकर गुणगुणायला लागला तर त्याला बडवू नका. त्याच्या गळ्यात काय काय बांधलंय, ते आधी बघा. चला, मला आता गप्प बसायचंय. आत्याची तालीम सुरू होतेय.