पुलावरची बाई

सकाळी साडेआठला, अर्धी दाढी झालेली असताना नवऱ्याने विचारलं, "ती घरी पोहोचली का?"

सिस्टरने रेझर हवेतच थांबवला. "कोण?"

"अगं, पुलावरची. एका पायात चप्पलच नव्हती तिच्या. बाळाला माझ्या कोटात गुंडाळून दिलं मी. थंडी काय होती!" आणि त्याने दुसरा गाल पुढे केला.

तिने तोही गाल नीट पुरा केला, कुठेही कापलं नाही. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि नुसती उभी राहिली.

सगळा जन्म वॉर्डात गेल्यामुळे शेजाऱ्यांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे तिला सिस्टरच म्हणत. नवराही थट्टेने म्हणायचा. मेंदूला झटका आल्यापासून तो तीच हाक मारायचा, पण ती थट्टा आहे की त्याला खरंच ओळख पटलेली नाही, हे तिला दर वेळी कळत नसे. अशा पेशंटच्या नातेवाइकांना तिने कितीदा तरी समजावलं होतं : ते खोटं बोलत नाहीत हो, आठवणीला भोकं पडलीत, मेंदू हाताला लागेल त्याची ठिगळं लावतो. आता ती स्वतःच नातेवाईक झाली होती.

ठिगळं कुठून येतात तेही तिला कळलं होतं. झटक्यानंतरच्या पहिल्या महिन्यात तो सांगायचा की लहानपणी त्याची घोडागाडी दरीत उलटली. हा माणूस जन्मात घोडागाडीत बसलेला नव्हता. नोकरीभर त्याने ऑफिसात बसून रस्त्यांचे नकाशे काढले, आणि नाद एकच, कादंबऱ्यांचा. कपाटाच्या दाराला आतून वर्तमानपत्राचं एक पिवळं कात्रण चिकटवलेलं होतं, जगातल्या शंभर अभिजात कादंबऱ्यांची यादी. वाचून झालेल्या नावांपुढे त्याच्या लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्यातली एक तिने त्याच्या उशाशी बसल्या बसल्या सहज उघडली, तर तिसऱ्या प्रकरणात घोडागाडी दरीत! ती एकटीच मोठ्याने हसली होती.

म्हणजे पुलावरची बाईसुद्धा कुठल्यातरी कादंबरीतलीच असणार. असायलाच हवी होती. त्या दोघांना मूल नव्हतं. दोष कुणात आहे हे तपासायचं नाही, असं त्यांनी लग्नानंतर काही वर्षांनी ठरवलं होतं, आणि तो विषय पुन्हा निघाला नव्हता. आता कोटात गुंडाळलेलं बाळ निघालं होतं.

खुणा केलेली नावं उतरवून घेऊन तिने वाचनालय गाठलं. तिथल्या ग्रंथपाल बाईंच्या जिभेला हाड नव्हतं.

"सिस्टर, परवाच नेलंत ना हे? सहाशे पानं आहेत."

"झालं वाचून."

"काय आहे त्यात?"

"नदी आहे. पूल नाही."

"अगंबाई! तुम्ही पुस्तक वाचता की त्याची झडती घेता?"

झडतीच होती ती. लढाया, जमिनीचे वाद, देव आहे की नाही यावरची लांबलचक बोलणी ती धडाधड उलटत जाई. थंडी पडली, पाळणा हलला की थांबे. हळूहळू तिला या थोर पुस्तकांची खोड कळली. पदरात मूल असलेल्या एकट्या बाईचं काय करायचं हे त्यांना उमगलेलंच नव्हतं. मग लेखक तिला थंडीत बाहेर काढत. कोणी पाण्यात उडी घेई, कोणी देवळाच्या पायरीवर मरे. आणि ज्याच्यामुळे हे झालं तो पन्नास पानं पश्चात्ताप करी, तोही फार सुंदर भाषेत. बाळाला दूध कोणी पाजलं, हे कुठेच लिहिलेलं नसे. 'एकाने तरी ओलं दुपटं बदललंय का जन्मात?' असं ती मनातल्या मनात लेखकांना विचारी.

पण एका म्हाताऱ्या पोस्टमास्तरवरच्या कादंबरीने तिला धरून ठेवलं. त्यात ना बाई, ना बाळ. तरी ती ओळ न ओळ वाचत राहिली, आणि वाचून संपल्यावर लक्षात आलं की तेवढे दिवस आपण काय शोधतोय तेच विसरलो होतो. चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं तिला. शिवाय आधीच्या पुस्तकांची जी पानं उलटून टाकली, त्यांतच ती बाई राहून गेली असेल तर?

मग एका कादंबरीत पूल सापडला. धुकं होतं, हातात कंदील घेतलेली बाई होती, तिच्या कुशीत गाठोडं होतं. कोट नव्हता, चपलेचं काही नव्हतं, पण पूल होता. तिला राहवेना. दुपारी त्याच्याजवळ बसून तिने ते प्रकरण मोठ्याने वाचलं आणि नाडी बघावी तसा त्याचा चेहरा बघत राहिली.

"हीच का हो ती?"

तो डोळे मिटून ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या म्हणाला, "तिच्या हातात कंदील होता, सिस्टर."

पेशंटच्या तोंडी शब्द घालू नका, असं जिने जन्मभर लोकांना दटावलं, तिने तो घास स्वतःच्या हाताने भरवला होता. आता त्याची बाई कुठे संपते आणि पुस्तकातली कुठे सुरू होते, हे कोण सांगणार?

चप्पल आणि कोट मात्र तिने काही वाचून दाखवण्याच्या आधीचे होते. आणि कोटावर विचार करता करता तिला आठवलं, लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात तो एकदा कुडकुडत घरी आला होता. कोट ऑफिसात राहिला म्हणाला. तो पुन्हा कधी दिसला नाही म्हणून तिने कटकटही केली होती. हे खरंच घडलं होतं? की इतक्या कादंबऱ्या वाचून आता तिच्याही मेंदूने ठिगळं लावायला घेतली होती?

विचारण्यासारखं एकच माणूस होतं. नवऱ्याची मोठी बहीण, जिने त्याला आईच्या मागे वाढवलं. दुसऱ्या गावी असायची. सिस्टरने ताईंना फोन लावला.

"बोल गं," ताई म्हणाल्या. "तो काय म्हणतो? तू म्हणे वाचनालय रिकामं करायला घेतलंयस. पुस्तकांनी डोकं फिरतं, हे त्याला सांगून सांगून माझा घसा बसला. आता तूही त्याच वाटेला?"

"ताई, त्यांचा एक कोट हरवला होता का हो? फार पूर्वी?"

एरवी समोरच्याला श्वास घेऊ न देणाऱ्या ताईंनी या वेळी एकच प्रश्न विचारला.

"कोटाचं तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच."

"आणखी काय म्हणाला?"

"बाळ होतं म्हणाले."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"खरं आहे का, एवढं तरी सांगा. पुस्तकातलं असेल तर तसं सांगा."

"तो जेवतो ना नीट?"

"ताई!"

"फोनवर नको, बाई. रविवारी येते मी." आणि फोन बंद झाला.

आज शुक्रवार. दुपारी ताईंचा मोबाइलवर निरोप आला आहे : रविवारी सकाळच्या गाडीचं तिकीट मिळालं, आम्ही दोघी येतोय. दुसरी कोण, ते लिहिलेलं नाही.