थोरलीच्या नंबराचा गठ्ठा

धाकटीला शिवायला शिकवलं ते थोरलीनं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे पुढचं ऐकताना कुणाला धाकटीची उगाच कीव यायला नको. लग्न होऊन घरात आली तेव्हा हिला सुईत दोरा ओवायची मारामार. दोघी सख्ख्या जावा, स्वयंपाकघर एक, पण थोरलीनं जाऊपणा असा कधी केला नाही. सुट्टीच्या दिवशी ती हिला मशीनवर बसवायची आणि जुन्या चादरींवर सरळ टीप मारायला लावायची. वर्षभरात गणवेशाच्या कारखान्यात आपल्या शेजारचं मशीनही तिनंच मिळवून दिलं. "माझी जाऊ आहे, वाकडं शिवणार नाही," असं छातीठोक सांगून.

दोघींकडे काम कॉलरचं. वीस कॉलरींचा एक गठ्ठा. शिवून झाला की त्याला आपल्या नंबराची चिठ्ठी बांधायची आणि तो तपासणीच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. चिठ्ठ्यांचा डबा दोघींत एकच. थोरलीचा हात असा चालायचा की तिचं दिवसाचं काम चारलाच हातावेगळं. मग धाकटी मागं पडलेली दिसली की स्वतः शिवलेल्या गठ्ठ्याला ती गुपचूप हिची चिठ्ठी बांधायची. "घरातल्या घरातच आहे, जातंय कुठं," म्हणायची. अशी सहा वर्षं गेली, आणि धाकटीला ते घेण्याची सवय लागली.

मग मंदी आली. आधी धाकटीच्या नवऱ्याची कंपनी बंद पडली. नोकरीच्या जाहिराती वाचून वाचून त्याला गावातल्या सगळ्या कंपन्यांचे पत्ते पाठ झाले, पण बोलावणं एकीचंही आलं नाही. पाठोपाठ कारखान्याच्या ऑर्डरी आटल्या. सुपरवायझरच्या गळ्यात कायम टेप असे, म्हणून बायका त्याला मोजपट्टी म्हणत. त्यांच्या चहाची पाच मिनिटंसुद्धा तो मापात बेतायचा. एका सोमवारी मोजपट्टीनं सांगून टाकलं, की दर ओळीतून एकजण कमी होणार आणि या आठवड्यात जिचा माल परत येईल तीच जाणार.

ओळीत सगळ्यात कच्ची कोण, हे धाकटीला कुणी सांगायची गरज नव्हती. नवरा घरी, उद्या आपणही घरी. मग थोरल्या दिरांच्या आणि जावेच्या जिवावर कुठल्या तोंडानं जेवायला बसायचं? हाच घोर घेऊन ती शिवत होती. बुधवारी एक गठ्ठा पुरा करून तिनं कॉलरी उलटवल्या, तर एक टोक लांब, एक आखूड. वीसच्या वीस तशाच. खुणा करतानाच मापाचा पुठ्ठा सरकला होता आणि घाईत बाईसाहेबांनी पाहिलंच नव्हतं.

उसवायला वेळ नव्हता. मोजपट्टी दोन मशीनं पलीकडं उभा होता आणि थोरली पाणी प्यायला गेली होती. धाकटीनं डब्यात हात घातला. हाताला आली ती चिठ्ठी आपण न बघता बांधली, असं ती पुढं स्वतःला पुष्कळदा बजावत राहिली. कसलं काय? चांगली वाचून बांधली होती.

शनिवारी थोरलीला घरी बसवलं. तिनं भांडण केलं नाही. त्या कॉलरी हातात घेऊन एकेक पाहिली आणि म्हणाली, "माझा नंबर आहे म्हणजे माझ्याच असणार." धाकटी तेव्हा खाली मान घालून मशीन चालवत होती. मशीनमध्ये दोरा नव्हता.

आता रोज सकाळी धाकटीचा डबा थोरली भरायची. संध्याकाळी ही आली की म्हणायची, "बस तू, दमून आलीस." त्या लाडानं धाकटी मेल्याहून मेल्यासारखी व्हायची. शेजारीण पडदे शिवायला घेऊन आली तर थोरलीनं तिला दारातूनच परत पाठवलं.

"का हो, ताई?" धाकटीनं विचारलं. "पडदेच तर होते."

"डोळे गेले बहुतेक माझे. वीस कॉलरी वाकड्या शिवल्या आणि मला पत्ता नाही. अशा हातांनी लोकांचं कापड कशाला नासवू?"

सांगायची वेळ हीच होती. धाकटीनं तोंडही उघडलं.

"ताई..."

"काय गं?"

"आज डब्यातल्या भाजीत मीठ कमी होतं."

"बघ, तेही कळेनासं झालंय मला," थोरली म्हणाली आणि मिठाचा डबा हाताशी आणून ठेवला.

दीड महिन्यानं एका दवाखान्याची ऑर्डर आली. मोजपट्टीनं धाकटीला बोलावलं. "तुझ्या जावेला परत घेता येईल. पण तो गठ्ठा मी विसरलेलो नाही. तिची प्रत्येक कॉलर आधी तू तपासायची. तयार असलीस तर घेतो, नाहीतर दुसरी बघतो."

'तो गठ्ठा माझा होता.' चार शब्द. पण ते बोलले तर थोरली आत येणार आणि ही बाहेर जाणार. मन हे फुकटचा वकील असतं. ते म्हणालं, अगं, तिला काम मिळाल्याशी कारण. धाकटी म्हणाली, "तपासीन मी."

घरी थोरलीनं तिला पोटाशी धरलं. "तू शब्द टाकलास म्हणून गं," म्हणाली, आणि धाकटीचा जाऊबाई म्हणून किती आधार आहे ते दिरांना, सासूला, सगळ्यांना सांगत सुटली. धाकटीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

सोमवारी थोरली पुन्हा शेजारच्या मशीनवर बसली. पूर्वी एवढ्या वेळात तिच्या पाच कॉलरी झाल्या असत्या. आज एक झाली. ती तिनं दोन्ही हातांनी पुढं केली. "बघ गं, बरोबर आहे का?"

धाकटीनं टोकाला टोक जुळवून पाहिलं. सुताचाही फरक नव्हता. हिला साता जन्मांत जमली नसती अशी कॉलर. "छान आहे, ताई," ती म्हणाली.

"एवढ्यात बघून झालं?" मागून मोजपट्टी म्हणाला. "घरचं माणूस म्हणून सोडून द्यायचं असेल, तर तुम्ही दोघी घरीच बऱ्या."

धाकटीनं कॉलर पुन्हा उचलली. उजेडाकडं धरली.

"डावं टोक जरा आखूड आहे, ताई," ती म्हणाली.

थोरलीनं कॉलर डोळ्यांजवळ नेली आणि बराच वेळ निरखली.

"आहे गं खरं," ती म्हणाली. "मला दिसलंच नव्हतं."

मग तिनं कात्री घेतली आणि ती शिवण उसवायला बसली.