मिटेनवाल्डच्या व्हायोलिनचा निरोप

मित्रांनो, मी एक जुने व्हायोलिन आहे. सध्या मुक्काम हॅमिल्टन, बेसमेंटमधले कपाट. जन्म मात्र जर्मनीतल्या मिटेनवाल्डचा. आल्प्सच्या पायथ्याचे, भिंतींवर चित्रे रंगवलेल्या घरांचे ते गाव. तिथे पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिने घडतात. रोगण लावून झाले की आम्हाला उन्हात दोरीवर टांगत, अगदी वाळत घातलेल्या कपड्यांसारखे!

फिरत फिरत मी पुण्याला आले आणि विलासरावांबरोबर कॅनडाला. माझ्या गावी मला हनुवटीखाली धरायचे. विलासराव मांडी घालून बसत आणि माझे डोके आपल्या पावलावर टेकवत. पाय लागणार म्हणून आधी मला नमस्कार करत.

"आधी नमस्कार, मग तासभर पाय!" सुरेखाताई नवऱ्याला चिडवायच्या. मला मात्र कधी हात लावत नसत. "तुमची ती सवत तुम्हीच सांभाळा," म्हणत.

गेल्या हिवाळ्यात विलासराव हॉस्पिटलमध्ये होते. आता घरी येणे नाही, हे सगळ्यांना कळले होते. त्यांची एकच इच्छा उरली होती. नातीने, अवनीने, मला वाजवावे आणि त्यांनी एकदा यमन ऐकावा.

घरात हीटिंगची कोरडी हवा. माझ्या पोटावर बारीक चीर गेली. सुरेखाताईंनी पेटी उघडली आणि त्या कळवळल्याच. "अगं बाई, किती कोरडी पडलीस!" त्यांनी आपली खोबरेलाची बाटली आणली आणि लेकराला चोळावे तसे मला चोळले. तारांनाही. खरे सांगते, मला फार बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये अवनीने गज ओढला, तर तो तारांवरून नुसताच घसरला. आवाज घशातल्या घशात.

"आजी, व्हॉट डिड यू डू?"

"थोडं तेल लावलं गं. सुकलं होतं."

"ऑइल? ऑन अ व्हायोलिन?"

सुरेखाताईंचा चेहरा पडला. विलासराव मात्र ठसका लागेपर्यंत हसले. "अगं, व्हायोलिन आहे ते! दिवाळसणाला आलेला जावई नव्हे, अभ्यंग घालायला!" मग म्हणाले, "वाजव अवनी. जसं वाजेल तसं."

ती वाजवत राहिली. यमन काही उमटला नाही.

त्याच आठवड्यात ते गेले. वॉटर्लूच्या एका कारागिराने मला उलटसुलट करून पाहिले. तेल चिरेतून लाकडात मुरले आहे, आता सरस धरणार नाही, म्हणाला. तेव्हापासून मी बेसमेंटमध्ये आहे. "शेवटचा यमन माझ्यामुळे हुकला गं त्यांचा," असे सुरेखाताई लेकीला फोनवर सांगतात, ते मला खाली ऐकू येते.

मित्रांनो, वाद्यावर माया करा, पण त्याला तेल लावू नका. हिवाळ्यात खोलीत ओलावा ठेवा, चीर दिसली तर जाणत्याला विचारा. आणि माझे एक काम करा. हॉस्पिटलमध्ये त्या दिवशी वाजवून झाल्यावर आजी आणि नात कॉफी आणायला खाली गेल्या, तेव्हा मी विलासरावांच्या उशाशी होते. त्यांनी माझ्यावरून तळहात फिरवला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. "सुरेखाची वेणी," एवढेच म्हणाले. मग तो हात गालाखाली घेऊन शांत झोपले.

हे फक्त मला माहीत आहे, आणि मला आता आवाज नाही. हॅमिल्टनला सुरेखाताई भेटल्या, तर त्यांना एवढे सांगाल?