पाप फक्त उभ्या धाग्याला

चैत्राच्या नवरात्रातली पाचवी सकाळ. विणकरांच्या तांडापेठेतल्या पिंपळाच्या पाराभोवती इतकी गर्दी होती की त्या दिवशी एकाही घरातून मागाचा खटखटाट ऐकू येत नव्हता. पारावर ईश्वरदास महाराज बसले होते. पुढ्यात चिनी मातीचा गडू, त्यात कापूर घातलेलं पिवळसर तीर्थ. शेजारी संत्र्यांची टोपली.

"डॉक्टरचं मशीन फक्त हाडं दाखवते!" महाराज गरजले. "माझी माता मन दाखवते. पदर पुढे करा, बायांनो. पोटातलं पाप पदरावर येईल!"

एकेक बाई पुढे येई. तीर्थाचे चार थेंब पदरावर पडत, फिकट पिवळा ओलावा दिसे आणि लोक जयजयकार करत. विणकर नत्थूजींची बायको रुख्माबाई पुढे गेली. तिच्या जुन्या लुगड्यावर त्या ओलाव्याखेरीज काही उमटलं नाही. तिच्यामागून सून प्रेमिला आली. पाच महिन्यांपूर्वी काटोलहून लग्न होऊन आलेली. तिच्या मोतिया रंगाच्या पातळावर थेंब पडले आणि बघता बघता तिथे शाईसारखा काळानिळा डाग फुलला.

गर्दी दोन पावलं मागे सरली.

"कोणाले भजतेस वं पोरी?"

"आम्ही महानुभाव, महाराज. पंचकृष्णांचं नाव घेतो. दुसऱ्या देवांपुढे डोकं टेकवत नाही."

"ऐकलं?" महाराजांनी दोन्ही हात वर केले. "घरात देवीचा घट, अन् सून पाठ फिरवून बसते! म्हणूनच तुमच्या मागावर धागे तुटून राहिले!"

"चैत्रात हवा कोरडी होते, धागे तुटतेतच," मागे उभे असलेले नत्थूजी पुटपुटले. "माह्या आज्याचेही तुटत होते. तवा कुठं होती ही सून?" पण ऐकायला कोणाला सवड नव्हती.

महाराजांचा निकाल झाला. पौर्णिमेच्या आत प्रेमिलानं आपला पंथ सोडून देवीपुढे डोकं टेकवावं. नाही तर तिला काटोलच्या गाडीत बसवून द्यावं, कायमचं. यातलं काहीच झालं नाही तर घरचा माग बंद पडेल. मग त्यांनी गोदूबाईला बोलावलं. आदल्या दिवशी तिचाही पदर काळा झाला होता आणि तिच्या नवऱ्यानं घाबरून कोरं उपरणं महाराजांच्या खांद्यावर घातलं होतं. महाराजांनी मंत्र म्हणत तिच्या डागावर संत्रं पिळलं. डाग विरत विरत नाहीसा झाला.

"मातेनं क्षमा केली!"

नत्थूजी मात्र घरी परतताना त्या डागाचाच विचार करत होते. चाळीस वर्षं कापड विणलेल्या माणसाला इतक्या लवकर चढणारा आणि इतक्या लवकर उतरणारा रंग माहीत नव्हता.

घरात रुख्माबाई डोळे पुसत बसली होती. मुलगा केशव, प्रेमिलाचा नवरा, भिंतीला टेकून पायाचा अंगठा बघत होता.

"मी हिचा दुस्वास करते काय?" रुख्माबाई म्हणाली. "पण माग बंद पडला तर खायचं काय? प्रेमिला, एक डाव टेकव ना डोकं. तुहा देव रागावते काय?"

"माझा देव रागावणार नाही, आत्याबाई. पण मनात नसताना टेकवलं तर तुमची देवी खुश होईल काय?"

रुख्माबाईनं घटाकडे पाहिलं. तिची देवी खोट्या नमस्काराला भुलणारी नव्हती, एवढं तिलाही ठाऊक होतं.

"तुम्ही दोघी बरोबर बोलून राहिल्या," नत्थूजी म्हणाले. "मले संशय तिसऱ्याचाच आहे. सूनबाई, ते पातळ बदलून दे बरं मले."

पातळ हातात आल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि पदर खिडकीच्या उजेडात धरला. ते त्यांनीच विणलं होतं, पाडव्याला सुनेसाठी. बराच वेळ ते नाकाजवळ कापड धरून बसले.

"रुख्मे, इकडे ये वं. बघ. काळे झाले ते सारे उभे धागे. आडवे जसेच्या तसे. आता मले सांग, पाप उभ्यालेच काहून चढलं? आडव्यानं कोणतं पुण्य केलं?"

रुख्माबाई वाकली. खरंच, डाग जवळून पाहिला तर बारीक काळ्या रेघांचा होता.

"उभ्या धाग्याले आपण काय लावतो?" नत्थूजींनी विचारलं.

"खळ. मीच तर शिजवते तांदळाची."

"अन् आडव्याले?"

"काहीच नाही." ती थबकली. "अन् माह्या लुगड्याची खळ तर कवाचीच धुण्यात गेली."

"सूनबाईचं कोरं होतं. कोरं नेसून जा, असं कोणी सांगितलं होतं?"

"महाराजांचा चेला दारी आला होता," प्रेमिला म्हणाली. "घरात कोण कोणाला भजते, सारं विचारलं त्यानं. मग म्हणे, सासूनं धुतलेलं नेसावं, सुनेनं कोरं."

केशवनं पहिल्यांदा मान वर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नत्थूजी ते डागाळलेलं पातळ घेऊन नगरपालिकेच्या शाळेतल्या शिक्षिका यमुताईंकडे गेले. बाईंनी पदराचा वास घेतला, हसल्या, आणि शाळेच्या औषधपेटीतली एक तपकिरी बाटली पिशवीत टाकून म्हणाल्या, "चला."

पारावर गर्दी तशीच होती; रुख्माबाई आणि प्रेमिलाही तिथे येऊन उभ्या होत्या. नत्थूजींनी काखेतलं कोरं पातळ उलगडलं. रामनवमीला देवीला नेसवायचं होतं ते.

"महाराज, आधी यावर शिंपडा. देवीचंच वस्त्र आहे. त्यात पाप कुठून येईल?"

महाराजांचा हात गडूवर थांबला. "मातेची परीक्षा? पाखंडी!"

"मग मीच टाकतो." नत्थूजींनी गडू उचलला.

रुख्माबाईनं तोंडावर पदर धरला. नवऱ्याचं बरोबर होतं, तरी देवीचं पातळ काळं होणार हे तिला सोसवेना.

"मामाजी, नका टाकू!" प्रेमिला पुढे झाली. "ते आत्याबाईंच्या देवीचं आहे. यांच्या पाण्यानं ते काहून नासवायचं? माझं कालचंच पातळ घ्या पुन्हा."

रुख्माबाई सुनेकडे बघतच राहिली. मग तरातरा पार चढली, नवऱ्याच्या हातातून गडू घेतला आणि महाराजांच्या खांद्यावरच्या कोऱ्या उपरण्यावर ओतला.

उपरणं काळंभोर झालं.

"महाराज," मागून कोणी तरी हाक दिली, "तुम्ही कोणाले भजता गा?"

हशा उसळला. यमुताईंनी शेजारच्या घरून वाटीभर भाताची पेज मागवली आणि तिच्यात तपकिरी बाटलीतले दोन थेंब टाकले. पेज काळीनिळी झाली.

"हे टिंक्चर आयोडीन. जखमेला लावतो ना, तेच यांच्या तीर्थात आहे. पिठूळ पदार्थाला लागलं की असा रंग येतो. कोऱ्या कापडात खळ असते, म्हणून डाग पडतो. धुतलेल्यात नसते, म्हणून पडत नाही." त्यांनी टोपलीतलं संत्रं वाटीत पिळलं, ढवळलं. रंग गेला. "आणि संत्र्याच्या रसातल्या एका द्रव्यानं आयोडीनचा जोर मोडतो. यात मंत्र कुठंच नाही. घरी करून बघा. मी सांगते म्हणूनही मानू नका."

कोणी वळून पाहीपर्यंत महाराज आणि चेला गल्लीच्या टोकाला पोहोचले होते. काही जण मागे धावायला निघाले. नत्थूजींनी त्यांना अडवलं.

"त्याले कायले मारता? त्यानं एक बाटली आणली. बाकीचं काम आपण केलं. जी खळ आपण रोज हातानं लावतो, तिचा विचार नाही केला, अन् घरच्या पोरीले पापी ठरवलं. कोणी कोणाले भजावं हे ज्याचं त्यानं ठरवावं. आपल्याले समजत नसन तर तिलेच विचारावं, समोर बसवून. अन् चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी तो जवळून बघावा."

संध्याकाळी रुख्माबाईनं घटापुढे दिवा लावला. प्रेमिला पलीकडच्या कोपऱ्यात डोळे मिटून नामस्मरण करत होती. ते संपेपर्यंत सासू थांबली.

"काय म्हणत असतेस वं रोज? सांग मले. मी माझी देवी सोडणार नाही, आधीच सांगते."

"अन् मी डोकं टेकवणार नाही, आत्याबाई."

"नको टेकवू." रुख्माबाईनं चटई सरकवली. "बस. सांग."