गोंगाटाच्या वर्गातले टेबल

मित्रांनो, कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या वर्गात, फळ्यासमोर उभे असते ते जुने टेबल म्हणजे मी. सुताराने मला घडवले तेव्हा माझ्यावर चेहरा दिसेल इतकी चकाकी होती. पुढे खडूची भुकटी बसली, चहाचे डाग पडले. कितीतरी प्राध्यापक माझ्यामागे उभे राहून निवृत्त झाले. पण मनात घर करून राहिले ते अर्थशास्त्राचे तरुण सर.

त्यांची नेमणूक तात्पुरती होती. पहिल्या तासाला त्यांनी दोन्ही हात माझ्यावर टेकवले, ते घामाने ओले होते.

मागच्या रांगेत एक उंच मुलगा बसायचा. आवाज मोठा, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत. सर फळ्याकडे वळले, की भोंगा बाकावर ठेका धरायचा आणि अख्खी रांग त्याला साथ द्यायची. सरांनी आधी कानाडोळा केला. मग ते ओरडले. आवाज चिरकला आणि वर्ग खो खो हसला. शेवटी त्यांनी ती रांगच बाहेर काढली. बाहेर दुप्पट गोंधळ झाला आणि प्राचार्य दारात येऊन उभे राहिले.

"एवढा वर्ग सांभाळता येत नाही का हो तुम्हाला?" सगळ्यांदेखत ते म्हणाले.

वर्ग रिकामा झाल्यावर सरांनी माझ्यावर डोके टेकले. मी पडले लाकूड, पाठीवरून हात तरी कसा फिरवणार?

शेजारच्या वर्गातल्या मॅडम डस्टर मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. त्या सरांच्या आईच्या वयाच्या होत्या.

"अरे, सगळ्या वर्गाशी कशाला भांडतोस? एकट्याला गाठ. आणि झापायला नको, विचारायला."

दुसऱ्या दिवशी सरांनी भोंग्याला थांबवून घेतले.

"काढा बाहेर. सवय आहे आपल्याला," तो मान उडवून म्हणाला.

"काढत नाही. बस. माझ्या तासाला तुझं काय बिनसतं, ते सांग."

तो नखाने माझी कड खरवडू लागला. "सर, पहिल्यापासून काही कळलंच नाही. आता विचारलं तर सगळे हसतील. त्यापेक्षा मीच हसवतो."

"माझंही चुकलं. मी फळ्याशीच बोलत राहिलो," सर म्हणाले. "पण तुझ्या ठेक्यामुळे पुढच्यांना ऐकू येत नाही. ते बंद व्हायला हवं."

त्यानंतर सर माझ्यामागे फारसे उभेच राहिले नाहीत. बाकांमधून फिरत शिकवायचे, मध्येच थांबून विचारायचे. एकदा भोंग्याने हात वर केला. कोणीतरी फिसकन हसले. सर हसणाऱ्याकडे शांतपणे वळले.

"प्रश्न चांगला आहे. तुला उत्तर येतंय ना? सांग, आम्ही ऐकतो."

पुन्हा कोणी हसले नाही.

वर्ग मार्गी लागला, पण प्राचार्यांच्या मनातून दारातला तो गोंधळ गेला नव्हता. सरांना मुदतवाढ मिळाली नाही. भोंगा सगळ्या रांगेला घेऊन प्राचार्यांकडे गेला. परत आला तेव्हा सर पुस्तके आवरत होते.

"सर, आम्ही सांगितलं, गोंधळ आमचाच होता म्हणून. ते म्हणाले, आधी यायचं होतं. आता दुसऱ्यांना घेतलंय." त्याचा एवढा मोठा आवाज, पण मलाही जेमतेम ऐकू आला.

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अभ्यास सोडू नकोस," एवढेच म्हणाले आणि जिना उतरून गेले.

नवे सर फार कडक होते. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. भोंगा आता पहिल्या बाकावर बसायचा. पण त्याने पुन्हा कधी एकही प्रश्न विचारला नाही.

मित्रांनो, वर्गात समजले नाही तर तसे सांगा. चारचौघांत धीर होत नसेल, तर तास संपल्यावर थांबा. आणि तुमच्यापैकी कोणी उद्या शिक्षक झाले, तर आवाज करणाऱ्याला एकदा जवळ बसवून विचारा. माणूस समोर आहे तोवरच हे जमते. तो गेल्यावर उरते ते फक्त टेबल, आणि मला त्याच्यापर्यंत कोणाचीही माफी पोहोचवता येत नाही.